बरोबरीचा प्रश्न : वेब ॲप्लिकेशनच्या तक्त्यांतील अनेक रकान्यांवरील क्रमवारीची चिकित्सा

सारांश : संकेतस्थळांवरील माहितीच्या तक्त्यांत एकाहून अधिक रकान्यांनुसार क्रमवारी लावण्याची सोय आज सर्रास दिली जाते. ही सोय सामान्यतः तांत्रिक सुविधा म्हणून पाहिली जाते. प्रस्तुत लेखात तिच्याकडे निर्णयप्रक्रिया म्हणून पाहिले आहे. पहिल्या रकान्यात ज्या ओळी बरोबरीत सुटतात, त्यांच्यापुरताच दुसऱ्या रकान्याला अधिकार मिळतो. म्हणून बरोबरी कशाला म्हणायचे आणि ती कोणी व कशाने सोडवायची, हा या सुविधेचा खरा गाभा आहे. प्रचलित तक्ते नेमका हाच गाभा वापरकर्त्यापासून झाकून ठेवतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : क्रमवारी, रकाना, निकष, बरोबरी, वर्णक्रम, सुगम्यता.

१. प्रस्तावना

महाविद्यालयाच्या कामकाजातील बहुतेक याद्या आज पडद्यावर जन्माला येतात. प्रवेशाची गुणवत्ता यादी, परीक्षेचा निकाल, ग्रंथालयाचा दाखलपट, अध्यापकांची सेवाज्येष्ठता यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज या सर्वांचे रूप एकच असते : वर शीर्षकांची पट्टी, खाली ओळी आणि डाव्या टोकाला ‘अ. क्र.’. शीर्षकावर टिचकी मारली की ओळी आपापल्या जागा बदलतात. हे इतके सवयीचे झाले आहे की ओळींचा क्रम हा माहितीचाच स्वाभाविक गुण आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात क्रम माहितीत नसतो. तो माहितीवर लादलेला असतो. एकाच रकान्यावर क्रम लावला असेल तर हे लादणे उघड दिसते. दोन किंवा तीन रकाने गुंतले की ते दिसेनासे होते. या लेखात अशा क्रमवारीची रचना, तिचे दर्शन आणि मराठी मजकुराच्या संदर्भात तिच्यातील उणिवा यांचा ऊहापोह करावयाचा आहे.

२. कोशक्रम : दुसऱ्या निकषाचे स्थान

अनेक रकान्यांवरील क्रमवारीचे तत्त्व संगणकापेक्षा फार जुने आहे. शब्दकोशात शब्द आधी पहिल्या अक्षराने लागतात, पहिले अक्षर समान असेल तेव्हाच दुसरे अक्षर पाहिले जाते. गणितात या पद्धतीला कोशक्रम म्हणतात. विद्यार्थ्यांची यादी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव अशी लावताना आपण तेच करतो. या पद्धतीत निकषांची बेरीज होत नाही, त्यांची उतरंड असते. वरचा निकष जेथे निर्णय देऊ शकतो तेथे खालच्या निकषाला एक शब्दही बोलता येत नाही.

या उतरंडीचे परिणाम किती दूरवर जातात हे ऑलिम्पिकच्या पदकतालिकेवरून स्पष्ट होते. प्रचलित तालिका सुवर्ण, रौप्य, कांस्य या क्रमाने लावली जाते. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत अमेरिका व चीन या दोन्ही देशांची सुवर्णपदके प्रत्येकी ४० होती. बरोबरी झाली म्हणून दुसरा रकाना बोलला : अमेरिकेची रौप्यपदके ४४, चीनची २७, अमेरिका पहिली ठरली. त्याच तालिकेत भारताला १ रौप्य व ५ कांस्य अशी ६ पदके असूनही ७१ वे स्थान मिळाले, तर एकच पदक, परंतु सुवर्ण, मिळवणारा पाकिस्तान ६२ वा राहिला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत ७ पदकांसह भारत ४८ वा होता. ७ वरून ६ ही घट एका पदकाची आहे. स्थानातील घसरण मात्र २३ क्रमांकांची आहे, कारण पहिल्या रकान्यातील १ चे ० झाले. एकूण पदकांचा रकाना पहिला केला तर हेच चित्र पालटते. आकडे तेच राहतात, बदलतो तो रकान्यांचा अग्रक्रम. तात्पर्य, रकान्यांचा अग्रक्रम हे एक मत आहे आणि जो ते ठरवतो त्याने ते जाहीर केले पाहिजे.

याची दुसरी बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिल्या रकान्यात बरोबरी होतच नसेल तर दुसरा निकष केवळ शोभेचा ठरतो. अर्ज भरल्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदवली असेल आणि तोच पहिला निकष असेल, तर पुढे गुण लावा की जन्मदिनांक, ओळी जवळजवळ जागच्या जागी राहतात. दिवस हा निकष घेतला तर मात्र एका दिवसाचे शंभर अर्ज बरोबरीत येतात आणि गुणांना अर्थ प्राप्त होतो. म्हणजे बरोबरी सापडत नाही, ती ठरवावी लागते. उलट टोकाला सर्व निकष संपूनही बरोबरी उरू शकते. २०२४ च्या नीट-यूजी परीक्षेच्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते. सुधारित निकालात ही संख्या १७ झाली. एकूण गुणच पूर्ण असल्यावर जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र यांपैकी कोणताही रकाना त्यांच्यात भेद करू शकत नाही. अशा वेळी तक्ता ज्या क्रमाने ती नावे दाखवतो तो क्रम निरर्थक असतो. परंतु दिसताना तो तितकाच अर्थपूर्ण दिसतो.

३. दर्शनाचा दोष : न सांगितलेले वाक्य

कार्यालयीन वापरातील एक्सेलमध्ये क्रमवारीची स्वतंत्र चौकट उघडते. ‘या रकान्यानुसार, नंतर या रकान्यानुसार’ अशी तिची भाषा असते. २००३ च्या आवृत्तीत असे तीनच निकष देता येत. २००७ पासून ६४ देता येतात. संख्येपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की ही चौकट क्रमवारीचे पूर्ण वाक्य वापरकर्त्याकडून लिहवून घेते. वेबवरील तक्त्यांनी हे वाक्य काढून टाकले आणि त्याच्या जागी एक खूण ठेवली.

डेटाटेबल्स हे वेबवर विस्तृत प्रमाणात वापरले जाणारे तयार साधन उदाहरणादाखल घेता येईल. त्यात शीर्षकावर टिचकी मारली की त्या रकान्यावर क्रम लागतो. शिफ्ट कळ दाबून धरून दुसऱ्या शीर्षकावर टिचकी मारली की तो रकाना पुढील निकष म्हणून जोडला जातो. ही सोय मुळातच चालू असते. परंतु ती आहे असे पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते. ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती सापडते. क्रमातील पहिल्या तीन रकान्यांना कमी-अधिक गडद छटा देण्याची व्यवस्था तेथे आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि छटा हे विधान नव्हे. दोन शीर्षकांवर दोन बाण दिसले तर त्यांतील पहिला कोणता, हे छटेवरून ओळखणे सामान्य वापरकर्त्याला अवघड आहे आणि कृष्णधवल छपाईत तर ते अशक्यच आहे. एजी ग्रिड या दुसऱ्या साधनात शिफ्ट कळीचीच पद्धत आहे. मात्र तेथे शीर्षकाजवळ १, २, ३ असे अंक येतात. अंक ही लहानशी गोष्ट असली तरी तिच्यामुळे अग्रक्रम वाचता येतो. दोन साधनांतील हा फरक सौंदर्याचा नसून प्रामाणिकपणाचा आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

शिफ्ट कळीवर विसंबण्यात आणखी एक अडचण आहे. भ्रमणध्वनीच्या स्पर्शपटावर टिचकीसोबत दाबून धरण्यासारखी शिफ्ट कळ नसते. आपला विद्यार्थी निकाल आणि प्रवेश यादी बहुधा भ्रमणध्वनीवरच पाहतो. म्हणजे ज्याच्यासाठी यादी आहे त्याच्या हाती ही सोय नाही, आणि जो कार्यालयात संगणकासमोर बसला आहे त्याच्या हाती ती आहे.

दृष्टिबाधित वापरकर्त्यांच्या बाबतीत हा दोष साधनापुरता मर्यादित राहत नाही, तो मानकापर्यंत पोहोचतो. पडदावाचक आज्ञावलीला रकान्याचा क्रम कळावा म्हणून वेबच्या सुगम्यता मानकात ‘एरिया-सॉर्ट’ हा गुणधर्म दिलेला आहे. परंतु एका तक्त्यात तो एका वेळी एकाच शीर्षकाला लावावा, असे मानकाचे सांगणे आहे. परिणामी दोन रकान्यांवरील क्रम सांगण्यासाठी त्या गुणधर्मात जागाच उरत नाही. पडदावाचक पहिला निकष बोलतो आणि दुसऱ्याविषयी मौन पाळतो. ज्या अध्यापकाला किंवा विद्यार्थ्याला तक्ता ऐकूनच समजून घ्यायचा आहे, त्याला बरोबरी कशाने सुटली हे कळत नाही. यावर उपाय तक्त्याबाहेर शोधावा लागतो. त्याचा विचार पुढे केला आहे.

४. यंत्राचा दोष : स्थिर आणि अस्थिर क्रम

वापरकर्त्याला शिफ्ट कळ ठाऊक नसली तरी एक जुनी युक्ती त्याच्या कामी येऊ शकते. आधी शेवटच्या निकषावर क्रम लावायचा, मग त्याच्या वरच्या निकषावर, आणि सर्वांत शेवटी मुख्य निकषावर. छिद्रपत्रांच्या काळात क्रम लावणारी यंत्रे याच रीतीने काम करीत : एका फेरीत एकच स्तंभ, आणि सुरुवात उजवीकडच्या, म्हणजे सर्वांत कमी महत्त्वाच्या स्तंभापासून. ही युक्ती चालण्यासाठी एक अट आहे. बरोबरीतील ओळींचा आधीचा परस्परक्रम नव्या क्रमवारीने मोडता कामा नये. असे जी पद्धत करते तिला स्थिर क्रमवारी म्हणतात.

जावास्क्रिप्ट या भाषेत ही अट २०१९ पर्यंत बंधनकारक नव्हती. क्रोम ब्राउझरचे व्ही८ हे इंजिन २०१८ पर्यंत दहापेक्षा अधिक घटकांच्या यादीसाठी अस्थिर पद्धत वापरत असे आणि दहा किंवा त्याहून कमी घटकांसाठी स्थिर पद्धत. याचा व्यावहारिक अर्थ विचार करण्यासारखा आहे. आज्ञावली लिहिणाऱ्याने दहा ओळींचा नमुना घेऊन चाचणी केली तर सर्व काही सुरळीत दिसे. तीच आज्ञावली तीनशे विद्यार्थ्यांच्या यादीवर चालवली की बरोबरीतील नावे विस्कटत. २०१९ च्या मानकाने स्थिरता बंधनकारक केली आणि हा दोष आजच्या ब्राउझरांतून गेला. परंतु त्यापूर्वी तयार झालेल्या व जतन केलेल्या याद्यांचा क्रम कशामुळे तसा आहे, याचे उत्तर कधीकधी या तपशिलात दडलेले असू शकते.

माहिती सर्व्हरवरून पानापानाने येते तेव्हा प्रश्न वेगळे रूप घेतो. विदागाराला केवळ ‘गुणांनुसार उतरता क्रम’ एवढेच सांगितले, तर समान गुणांच्या ओळी कोणत्या क्रमाने द्यायच्या याचे बंधन त्याच्यावर नसते. पहिल्या पानासाठी तो एक क्रम देऊ शकतो आणि दुसऱ्या पानासाठी वेगळा. त्यामुळे एखादे नाव दोन्ही पानांवर येते आणि दुसरे एखादे कोणत्याच पानावर येत नाही. यादीतून नाव गळाले म्हणून विद्यार्थी कार्यालयात येतो तेव्हा विदागारात ते नाव असतेच. गळालेले असते ते केवळ दर्शनातून. निकषांच्या शेवटी अर्जक्रमांकासारखा कधीही समान नसणारा रकाना जोडला की हा दोष नाहीसा होतो. मात्र येथे सावधगिरी हवी. अर्जक्रमांक जोडणे म्हणजे आधी अर्ज भरणाऱ्याला झुकते माप देणे होय. क्रम निश्चित करण्यासाठी ते आवश्यक असले तरी त्याला गुणवत्तेचा निकष समजता येणार नाही. हा भेद यादीत दिसला पाहिजे.

रिकाम्या घरांचेही असेच आहे. गैरहजर विद्यार्थ्याच्या गुणांचे घर रिकामे ठेवले तर त्याचे स्थान विदागारानुसार बदलते. मायएसक्यूएलमध्ये उतरत्या क्रमात अशा ओळी शेवटी जातात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये, वेगळी सूचना न दिल्यास, त्या सर्वांत वर येतात. परीक्षेला न बसलेला विद्यार्थी गुणवत्ता यादीच्या अग्रभागी दिसावा, हे विनोदी वाटले तरी यंत्राच्या दृष्टीने ते नियमबद्धच आहे.

५. मराठी मजकूर आणि खोटी असमानता

मराठी मजकुराच्या बाबतीत वरील प्रश्न अधिक तीव्र होतात. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की संकेतावर आधारलेली आहे आणि तीत ळ हे अक्षर ल च्या लगत, व च्या आधी येते. मराठी वर्णमालेत ळ ह नंतर येतो आणि क्ष, ज्ञ अखेरीस येतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयाद्वारे प्रमाणित केलेली वर्णमालाही तशीच आहे. जावास्क्रिप्टची मूळ क्रमवारी केवळ संकेतांकांची तुलना करते. त्यामुळे काळे, कावळे, काशीद, कासार असा क्रम मिळतो. मराठी वर्णक्रमानुसार तो कावळे, काशीद, कासार, काळे असा हवा. चार नावांच्या यादीत अखेरचे नाव पहिले होते. क्षीरसागर हे आडनाव क च्या शेवटी, ख च्या आधी जाऊन बसते. भाषानिहाय तुलना करण्याची सोय जावास्क्रिप्टच्या आंतरराष्ट्रीयीकरण मानकात २०१२ पासून उपलब्ध आहे. ती न वापरणे ही आता साधनांची उणीव राहिलेली नाही, ती केवळ अनास्था आहे.

चुकीचा क्रम निदान डोळ्यांना दिसतो. त्याहून घातक आहे ती खोटी असमानता. ‘ॲकाउंटन्सी’ या शब्दाचे पहिले अक्षर दोन प्रकारे टंकित होते : एकतर ॲ हा स्वतंत्र संकेत, किंवा अ आणि त्यावर अर्धचंद्र असे दोन संकेत. दिसायला दोन्ही सारखेच. युनिकोडच्या सामान्यीकरणानेही ते एकरूप होत नाहीत. विषय हा पहिला निकष आणि गुण हा दुसरा निकष घेतला, तर एकाच विषयाचे विद्यार्थी दोन गटांत विभागले जातात. संकेतांकानुसार लावलेल्या यादीत एक गट आरंभी येतो, दुसरा ह नंतर, अगदी तळाशी. शब्दाच्या शेवटी चुकून राहिलेली एक मोकळी जागाही हेच करते. ‘मराठी’ आणि मोकळ्या जागेसह ‘मराठी’ हे यंत्रासाठी दोन विषय आहेत. पहिल्या गटाचे गुण उतरत जातात आणि मध्येच पुन्हा वरून सुरू होतात.

अशा वेळी वापरकर्ता म्हणतो, ‘सॉर्टिंग बिघडले’. वस्तुतः क्रमवारी अचूक चाललेली असते. बिघडलेली असते ती बरोबरी. जेथे समता असायला हवी होती तेथे यंत्राला भेद दिसला, म्हणून दुसऱ्या निकषाला बोलण्याची संधीच मिळाली नाही. एका रकान्यावरील क्रमवारीत हा दोष बराचसा खपून जातो, कारण मोकळ्या जागेची ओळ शेजारीच राहते. दोन रकान्यांच्या क्रमवारीत तो निकालच बदलतो. देवनागरी मजकुराची स्वच्छता हा म्हणूनच लेखनशुद्धीचा किरकोळ भाग मानता येत नाही; तो न्यायाचा भाग आहे.

६. अ. क्र. : क्रमांक की केवळ मोजणी?

मराठी तक्त्यातील ‘अ. क्र.’ हा रकाना या चर्चेत विशेष लक्ष देण्याजोगा आहे. काही तक्त्यांत तो माहितीचा भाग असतो; क्रम बदलला की तो ओळीबरोबर हलतो. इतर तक्त्यांत तो दर्शनाच्या वेळी तयार होतो. क्रम कसाही लावला तरी वरून खाली १, २, ३ असाच राहतो. पहिल्या प्रकारात तो गुणवत्तेतील स्थान सांगतो, दुसऱ्या प्रकारात केवळ ओळी मोजतो. दोन्हींचे शीर्षक मात्र एकच. कोणी तक्ता नावानुसार लावला, छापला आणि सूचनाफलकावर चिकटवला, तर दुसऱ्या प्रकारच्या तक्त्यात आद्याक्षराच्या बळावर विद्यार्थी पहिला ठरतो. कागदावर क्रमवारीचे वाक्य नसल्यामुळे हा गैरसमज खोडून काढायला आधार राहत नाही. गुणवत्ता यादीत ‘गुणवत्ता क्रमांक’ हा स्थिर रकाना आणि ‘अ. क्र.’ हा मोजणीचा रकाना वेगळे असावेत, ही अपेक्षा माफक आहे.

७. आक्षेप आणि उत्तर

या प्रतिपादनावर असा आक्षेप घेता येईल की बहुतेक वापरकर्ते एकाच रकान्यावर क्रम लावतात, आणि सर्व निकष पडद्यावर मांडले तर साधा तक्ता क्लिष्ट होईल. या आक्षेपात तथ्य आहे. शीर्षकावर टिचकी मारण्याची रीत लोकप्रिय झाली ती तिच्या साधेपणामुळेच, आणि ती मोडावी असे येथे सुचवायचे नाही. परंतु एका रकान्यावर क्रम लावणाऱ्यालाही बरोबरीतील ओळी कोणत्या ना कोणत्या क्रमानेच दिसतात. दुसरा निकष त्याने दिला नाही म्हणून तो अस्तित्वात नसतो असे नाही. तो यंत्राने दिलेला असतो. तेव्हा प्रश्न साधेपणाचा नसून उत्तरदायित्वाचा आहे.

शिवाय उपाय क्लिष्ट नाही. तक्त्याच्या वर एक ओळ पुरेशी आहे : ‘क्रम : विषय (चढता), नंतर गुण (उतरता), नंतर जन्मदिनांक (चढता), शेवटी अर्जक्रमांक केवळ मांडणीसाठी.’ ही ओळ डोळ्यांना वाचता येते, पडदावाचकाला बोलता येते आणि छापील प्रतीवरही उतरते. भ्रमणध्वनीवर याच ओळीतील प्रत्येक निकषावर बोट ठेवून त्याचा अग्रक्रम बदलण्याची सोय देता येईल. शिफ्ट कळीची गरज उरणार नाही. एक्सेलच्या चौकटीने जे वाक्य लिहवून घेतले तेच वाक्य वेबच्या तक्त्याने परत द्यावे, एवढीच ही मागणी आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी हाती येतात. एक, अनेक रकान्यांवरील क्रमवारी ही निकषांची उतरंड आहे आणि तिचा अग्रक्रम हे एक मत असल्याने तो जाहीर असला पाहिजे. दोन, दुसऱ्या निकषाचा अधिकार पहिल्या निकषातील बरोबरीतून येतो. म्हणून मजकुराची एकरूपता, भाषेचा वर्णक्रम आणि रिकाम्या घरांचा नियम हे क्रमवारीचेच घटक मानले पाहिजेत. तीन, सर्व निकष संपल्यावर उरणारी बरोबरी लपवू नये. ती बरोबरी म्हणूनच दाखवावी. चार, सुगम्यतेच्या मानकात दुसऱ्या निकषाला जागा नसेपर्यंत क्रमवारीचे वाक्य मजकुराच्या रूपात देणे अपरिहार्य आहे.

महाविद्यालये अशी ॲप्लिकेशने बहुधा बाहेरून तयार करून घेतात. निविदेत रंग, बोधचिन्ह आणि अहवालांची संख्या लिहिलेली असते. समान गुण असल्यास काय, हा प्रश्न क्वचितच लिहिलेला असतो. तो प्रश्न आज्ञावली लिहिणाऱ्यावर सोडला की त्याचे उत्तर कोणाच्याही नकळत ठरते. प्रवेश समितीत, परीक्षा विभागात किंवा ग्रंथालयात काम करणाऱ्या अध्यापकाने हा प्रश्न लेखी विचारणे आणि त्याचे उत्तर यादीवर छापून घेणे, ही तांत्रिक ज्ञानाची बाब नाही. ज्या दोन विद्यार्थ्यांचे गुण समान आहेत, त्यांपैकी एकाला प्रवेश मिळतो आणि एकाला मिळत नाही. कशामुळे, हे दुसऱ्याला यादीवरच वाचता आले पाहिजे.